वहिनींचे एक्केचाळीस

मी बोलका माणूस आहे, हे देवासात कुणालाही विचारा. कारखान्याच्या कँटीनमध्ये लोक ताट घेऊन माझ्या टेबलाशी येतात, गणपतीत माईक माझ्याच हातात असतो, आणि माझ्या फजितीचे सतरा किस्से आहेत जे मी प्रत्येकी शंभरदा तरी सांगितले असतील. हा अठरावा. हा मी कुणालाही सांगितलेला नाही. बायकोला नाही, दादाला नाही. ज्यांना सांगायला हवा होता त्यांना सांगायचं ठरवून एकदा बस धरून धारला गेलो — आणि गुलाबजाम खाऊन परत आलो.

बसा जरा. हसण्यासारखंही थोडं आहे यात. ते सगळं सुरुवातीलाच आहे.

ब्लॉग ही चीज तेव्हा नवीन होती. आमच्याकडे ब्रॉडबँड नुकतं आलेलं, मी चाळिशीला टेकलेला, आणि मला एकदम वाटायला लागलं की जगाला माझी गरज आहे. आता का वाटलं, ते विचारू नका. कँटीनमधले बारा जण हसतात म्हणजे इंटरनेटवरचे बारा हजार हसतील, असा माझा सरळ हिशेब. ब्लॉग काढला, ‘देवासी गप्पा’ असं नाव दिलं. स्टोअरमधल्या शर्माने खाली एक काउंटर बसवून दिला — किती लोक आले, कुठल्या गावाहून आले, कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबले, सगळं सांगणारा.

पहिल्या महिन्यात सत्तर भेटी झाल्या. मी पेढे आणले. शर्माने पेढा तोंडात टाकला, यादी खाली सरकवली आणि शांतपणे म्हणाला, “भिया, इसमें इकसठ तो आप ही हो.”

घरून मी, ऑफिसातून मी, इंदूरला मेहुण्याकडे गेलो तिथून मी. इंदूरची भेट दिसल्यावर तर ‘आता इंदूरपर्यंत पोचलो’ असं मी बायकोला सांगितलंही होतं. उरलेल्या नऊ जणांत एक शर्मा.

त्यानेच मला आकडे वाचायला शिकवलं. तो म्हणाला, “कितने आए ये मत देखो. कितनी देर बैठे, ये देखो. आदमी दुकान में घुसा, इधर-उधर झाँका, निकल गया. गिनती में तो आ गया, पर लिया क्या उसने?” मी तो रकाना उघडला. माझ्या पानावर माणूस सरासरी अकरा सेकंद थांबत होता. अकरा सेकंदांत काय होतं? माझं नाव वाचून होतं, आणि परत फिरता येतं.

पण चिकाटी सोडली नाही, बरं का. नव्या माणसाने काय करायचं, हे मला कळलं होतं. आजच्या आकड्याकडे बघायचं नाही, महिन्याचा कल बघायचा. एकच माणूस परत आला तर ती खरी कमाई समजायची. स्वतःच्या भेटी मोजायच्या नाहीत. हे सगळं मला पाठ होतं. हे लक्षात ठेवा — मला सगळं कळत होतं.

आता वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा धारला सरकारी नोकरीत, कॉलनीतलं तीन खोल्यांचं घर. वहिनींचं माहेर निसरपुर, नर्मदेकाठचं. त्यांचे वडील तिथे पोस्टमास्तर होते, म्हणून एक मराठी घर त्या गावात जाऊन पडलेलं. धरणामुळे ते गाव उठणार, उठणार असं वर्षानुवर्षं चाललं होतं. वस्तीतले काही जण वाट न बघता आधीच गुजरातेकडे निघून गेले होते. वहिनींचे वडीलही तोवर वारले होते, माहेर असं राहिलंच नव्हतं. पण एका दिवाळीत त्या माझ्या ब्लॉगबद्दल ऐकून म्हणाल्या, “भाऊजी, मला एक लिहायचंय. घरं लिहायचीयत. तुम्ही टाइप कराल?”

घरं लिहायची म्हणजे काय, ते मला पहिलं पाकीट आल्यावर समजलं. लहानपणी त्या पोस्टमनकाकांबरोबर गावभर हिंडायच्या. काका ज्या क्रमाने डाक वाटायचे, त्याच क्रमाने एकेक घर. कुणाच्या ओटल्यावर काय होतं, कुणाची पत्रं कुठून यायची, कोण दाराआडून हात काढून पत्र घ्यायचं, कोण पोस्टमनला पाणी विचारायचं आणि कोण फक्त पत्र. एक घर, एक पान. वहीचा कागद, निळी शाई, मराठीत मधेच हिंदी, मधेच निमाडी. नटवणं काही नाही. मी पहिलं घर टाइप केलं, त्यांच्या नावाने वेगळा ब्लॉग काढून त्यावर चढवलं, आणि माझ्या मनात आलं — अरे, हे चांगलं आहे.

आणि लगेच दुसरं मनात आलं. ते तुम्ही ओळखलं असेलच.

दोन्ही ब्लॉग माझ्याच खात्यावर होते. पडद्यावर एकाखाली एक. दर मंगळवारी धारहून पाकीट यायचं, शनिवारी मी टाइप करायचो, आणि रविवारी सकाळी दहाला वहिनींचा फोन — या आठवड्यात किती आले? वहिनींकडे कॉम्प्युटर नव्हता. धारच्या सायबर कॅफेत जाऊन बघू का म्हणाल्या, तर मी सांगितलं, तिथे मराठी दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात. हे खोटं नव्हतं हं. त्या काळी खरंच बऱ्याच ठिकाणी चौकोन दिसायचे. पण मी ते ज्या तत्परतेने सांगितलं ना — ती तत्परता खरी नव्हती.

पाचव्या का सहाव्या रविवारी मी यादी उघडली. ‘देवासी गप्पा’ — नऊ. खाली ‘निसरपुरची घरं’ — एक्केचाळीस. आणि त्यांच्या पानावर माणसं थांबत होती. चार मिनिटं, सात मिनिटं. बडोद्याहून कुणीतरी एक जण यायचा, तो चाळीस चाळीस मिनिटं थांबायचा. आधी मला वाटलं, पान उघडं ठेवून झोपतो. मग लक्षात आलं, तो तीनदा-चारदा परत पहिल्या घरापासून सुरू करतोय. मराठी सवयीची नसेल, अक्षर अक्षर लावून वाचत असेल. असा वाचक मला जन्मात मिळाला नसता.

फोन वाजला. “किती हो भाऊजी?”

मी म्हणालो, “नऊ.”

का म्हणालो? विचार करून म्हणालो असतो तर आज निदान कारण तरी सांगता आलं असतं. जीभ त्या ओळीवरून घसरून वरच्या ओळीवर गेली, इतकंच. पुढचं वाक्य मी बोललोच नसतो तर चूक म्हणून खपून गेलं असतं. पण वहिनींनी विचारलं, “आणि तुमचे?”

“एक्केचाळीस.”

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, आणि फोन बाजूला धरून दादाला हाक मारली. “अहो, ऐकलंत का, आपल्या भाऊजींना एक्केचाळीस जण वाचतात.” मागून दादाचा आवाज आला, “त्याला बोलायला कुणीतरी लागतंच.” वहिनी हसल्या. मीही हसलो.

पण गंमत पुढे आहे — गंमत म्हणजे, सवय जात नाही हो, गंमत नाही ती. नऊ ऐकून वहिनी खचल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “नऊ म्हणजे छानच की. आमच्या ओटल्यावर नऊ माणसं बसली की दहावा उभा राहायचा.” आणि मंगळवारी नेहमीपेक्षा जाड पाकीट आलं. दोन घरं होती त्यात.

मला ते नऊही त्यांना पुरतात, हे सहन झालं नाही. मी एक्केचाळीस घेऊन बसलो होतो आणि अस्वस्थ होतो. त्या नऊ घेऊन खुशीत होत्या. मग पुढच्या रविवारी मी शर्माची विद्या वापरली. म्हणालो, “वहिनी, आकडा तसा फसवा असतो. त्या नवात पाच वेळा तर मीच उघडून बघतो.” त्या म्हणाल्या, “मग चार.” मी म्हणालो, “चारात दोन चुकून आलेले असतात, भलतंच काही शोधताना.” त्या म्हणाल्या, “मग दोन तर आहेत.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना हसवलं आहे, कंटाळा आणला आहे, एक-दोघांना रडवलंही आहे. पण एखाद्या माणसाचं धैर्य असं बोटं मोजत, नवाचे चार, चाराचे दोन, खाली आणताना मी फक्त तेव्हाच स्वतःला पाहिलं. आणि पाहूनही थांबलो नाही. ज्या विद्येने नव्या माणसाने टिकून राहायचं असतं, तीच मी उलटी धरली. कुणी परत येतं का ते बघा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. किती वेळ थांबतात, हा रकाना असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पानाखाली लोक लिहून जातात, हेही नाही.

आणि माझ्याकडे? धारच्या नातेवाइकांत माझे एक्केचाळीस गाजत होते. पुढे त्यांचे साठ झाले, मी साठ सांगितले. वहिनींच्या प्रत्येक वाढीबरोबर मी वाढत होतो. कँटीनमध्ये मी शर्मासमोर मात्र आकडा बोलत नसे. त्याला खरा माहीत होता.

एका रविवारी मी म्हणालो, “या आठवड्यात कुणीच नाही, वहिनी.”

पलीकडे कुकरची शिटी झाली. ती संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “मग राहू द्या, भाऊजी. तुमचा शनिवार उगाच माझ्यात जातो. तुमचं लिहिणं चांगलं चाललंय, ते मोडू नका माझ्यासाठी.”

बघा, त्यांना वाटलं माझा वेळ जातोय.

मी म्हणालो, “तुमची इच्छा.”

मंगळवारी पाकीट आलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. अठ्ठावीस घरं झाली होती.

वहिनींचं लिहिणं थांबल्यावर पंधरा दिवसांनी बडोद्याच्या त्या माणसाची कॉमेंट आली. रोमन अक्षरांत हिंदी: ‘दीदी, मैं बोल रहा हूँ, बेटा टाइप कर रहा है. आप डाकवाले के रास्ते से चल रही हो. अब तेलघानी की गली आएगी. हमारा घर उसी में है. कब आएगी?’

मी वहिनींच्या नावाने उत्तर दिलं — अगले हफ्ते.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, फक्त लिहिलं की आम्ही सगळे बसून वाचतो, सुनेला मराठी येत नाही तर तिला हिंदीत सांगतो. कुणाचं घर आता कुठे गेलं, हेही त्याने खाली लिहिलं होतं — हे सुरतेला, ते कुक्षीला, हा म्हातारा गेला. वहिनींना ज्यांचं पुढे काय झालं हे कधी कळलं नाही, त्या माणसांचे पत्ते तो देत होता. पोस्टमास्तरांच्या मुलीला. आणि ते माझ्या खात्यात येऊन पडत होते.

तेव्हा मला झोंबलं. उशिरा, पण झोंबलं. दादाच्या पन्नाशीची शांत होती त्या महिन्यात. त्या कॉमेंटींचे कागद छापून खिशात घातले, इंदूरला बस बदलली, धारला उतरलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. मला वाक्यं जुळवायला वेळ लागत नाही. त्या दिवशी धार येईपर्यंत एकही जमलं नाही.

होम झाला, पंगती उठल्या. वहिनी स्वयंपाकघरात विड्याची पानं लावत होत्या. मी आत गेलो आणि म्हणालो, “वहिनी, त्या घरांचं...” त्या लगेच वळल्या. चेहरा असा उजळला की मी बोलायचाच थांबलो. हातातली वाटी ठेवून म्हणाल्या, “तुम्हाला आठवलं होय? मी पुढची गल्ली मनात लावून ठेवलीय. तेलघाणीची. कोपऱ्यावर घाणी, बैलाच्या डोळ्यांना पट्टी, आणि समोर ना —”

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “अरे, देवासवाले कुठे गेले? किस्सा होऊ द्या.”

वहिनी म्हणाल्या, “जा, जा. तुमची वाट बघतायत.” आणि माझ्या पुढे होऊन त्यांनीच बैठकीतल्या पाहुण्यांना सांगितलं, “आमच्या भाऊजींना आता बाहेरगावचे लोकसुद्धा वाचतात.”

मी गेलो. खिशावर हात ठेवून मी इंदूरचा किस्सा सांगितला, माझ्याच भेटी मी मोजल्याचा. माणसं लोळली हसून. वहिनी दारात उभं राहून डोळे पुसत हसत होत्या. मग कुणीतरी माझ्या वाटीत गुलाबजाम घातले. संध्याकाळच्या बसने मी परत.

आणि देवासला येऊन काय केलं असेल मी? तेलघाणीची गल्ली मीच लिहिली. एकदा दादाच्या लग्नात निसरपुर पाहिलं होतं, एवढं भांडवल. कोपऱ्यावर घाणी, बैलाच्या डोळ्यांना पट्टी — आणि समोर काय होतं ते ऐकायचं राहिलं होतं, म्हणून समोर एक कडुनिंब लावून दिला. कडुनिंब कुठेही असतोच, नाही का? त्यात पाच घरं बसवली, एक तापट म्हातारी घातली, एक विनोद घातला. वाचून पाहिलं, मला फार आवडलं. वहिनींच्या ब्लॉगवर वहिनींच्या नावाने चढवलं.

बडोद्याचा माणूस आला. त्या वेळी तो तीन मिनिटंच थांबला.

खाली लिहिलं होतं: ‘घानी के सामने नीम नहीं था, इमली थी. उसी के नीचे हमारा दरवाज़ा था. ये दीदी ने नहीं लिखा. दीदी ठीक तो हैं ना?’

मी ती कॉमेंट पुसली. त्याच्या पुढच्या आठवड्यात बडोद्याची ओळ यादीत नव्हती. पुढे कधीच नव्हती. ती चिंच आणि तो दरवाजा फक्त दोन माणसांना माहीत होता, आणि दोघंही एकमेकांना शोधत माझ्या दारापर्यंत आली होती.

याला आता बरीच वर्षं झाली. वहिनी धारलाच असतात. फोन केला की अजून विचारतात, “काय म्हणतायत तुमचे वाचक?” मी काहीतरी आकडा सांगतो. ते पान अजून तसंच आहे, कडुनिंबासकट, त्यांच्या नावावर.

आणि एक राहिलं. गोष्ट रंगावी म्हणून क्रम बदलायची माझी खोड आहे, इथेही बदललाय. वर मी लिहिलं की वहिनींनी थांबवल्यावर पंधरा दिवसांनी त्याची पहिली कॉमेंट आली. तसं नव्हतं. ती त्याच रविवारी सकाळी आली होती. कब आएगी, असं त्याने विचारलं होतं, आणि मी अगले हफ्ते असं लिहून नुकतं बटण दाबलं होतं. मग दहा वाजले, फोन वाजला. त्याची कॉमेंट समोर पडद्यावर उघडी होती, आणि ती बघत बघत मी वहिनींना म्हणालो की या आठवड्यात कुणीच नाही.